नवें अन्न आणि पहिला घांस



दिवाळीच्या सुटीपूर्वीं आठवीच्या वर्गांत मीं एक लहानसा प्रश्न घातला होता. काल रात्रीं तुमच्या ताटांत जो भात होता, तो कोणकोणाच्या हातून तुमच्यापर्यंत आला, त्यांचीं नांवें लिहा. शहरांतील मुलांच्या वह्या पांच मिनिटांत माझ्या टेबलावर येऊन पडल्या. बहुतेकांनीं तीन हात मोजले होते : आई, बाबा आणि किराणा दुकानदार. दुकानदाराचें नांव तर कोणीच लिहिलें नव्हतें. दुकानाच्या पाटीवरचें तेवढें लिहिलें होतें. वसतिगृहांत राहणाऱ्या, भामरागडाकडील एका मुलानें मात्र कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या, व घंटा झाली तरी तो मान वर करीना. त्याच्या यादींत आजा होता, रोवणीला आलेल्या शेजारणी होत्या, नांगराचा फाळ पाजवून देणारा लोहार होता, आणि दोन बैलहि होते. बैलांचीं नांवें त्यानें माणसांच्या नांवांइतक्याच काळजीनें लिहिलीं होतीं. मीं कौतुकानें विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "सर, नवें खातांना आजी आमच्या मेलेल्या माणसांचीं नांवें घेते. मीं त्यांत जित्यांचीं घातलीं."

सणाच्या जेवणापूर्वीं उपकार स्मरण्याच्या ज्या घरगुती रीति आपल्या ह्या मुलखांत आहेत, त्यांविषयीं कांहीं लिहावें असें मला त्या उत्तरावरून वाटलें.

आपल्या मराठींत घरच्या माणसाचे उपकार मानण्यास शब्दच नाहीं, असें म्हटलें तरी चालेल. 'आभार' हा शब्द आहे; पण तो सभेच्या शेवटीं, हारतुऱ्यांच्या मागून यावयाचा. जेवून उठलेला मुलगा आईला "मी आपला आभारी आहें" असें म्हणाला, तर ती त्याच्या कपाळाला हात लावून ताप तर नाहीं ना, हें पाहील. ह्यावरून आपण कृतघ्न लोक आहों असें कोणा परक्यानें ठरविलें, तर तें घाईचें होईल. आपल्याकडे उपकार बोलून दाखवीत नाहींत, जेवणाच्या क्रमांत दाखवितात. प्रथम कोणाला वाढावयाचें, कोणासाठीं बाजूला काढून ठेवावयाचें, आणि कोणी खाल्ल्यावांचून आपण घांस उचलावयाचा नाहीं, एवढें पाहिलें म्हणजे त्या घराची कृतज्ञता कोठवर पोंचते तें कळतें. ती कोठें थांबते तेंहि कळतें. आणि मला आज जें सांगावयाचें आहे तें बहुतेक त्या थांबण्याविषयींच आहे.

चंद्रपूर व गडचिरोली हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच जिल्हा होते. त्यांचा पूर्वेकडील झाडीचा भाग धानावर जगतो. मातीचे बांध घालून अडविलेल्या शेतांना इकडे बांध्या म्हणतात. आरंभीं परे टाकावयाचे, मग चिखलांत कंबर वांकवून बायांनीं दिवस दिवस रोवणी करावयाची. हलकें धान दिवाळीच्या सुमारास हातीं येतें, भारी धान त्याच्या मागून. पावसानें दडी मारली तर आधार जुन्या तलावांचा. गोंड राजांच्या अमदानींत कोहळी लोकांनीं बांधलेल्या तलावांपैकीं कित्येक अजून पाणी देतात; त्यांच्या पाळीवर टोपलीनें माती टाकणारांचीं नांवें मात्र कोणत्याहि वहींत सांपडणार नाहींत.

अशा मुलखांत पहिलें धान घरांत येतें तो दिवस साधा कसा असेल? आमच्याकडे त्याला 'नवें खाणें' म्हणतात. गोंड व माडिया लोकांत अशा सणांना पंडुम हें नांव आहे, आणि ते केवळ धानापुरते नाहींत. आंब्याचा पंडुम वेगळा, मोहाचा वेगळा, शेंगांचा वेगळा. ज्या त्या हंगामाची वस्तु देवाला व पूर्वजांना वाहिल्यावांचून कोणी तोंडांत घालावयाची नाहीं, असा नियम. झाडाखालीं कैऱ्या पडलेल्या दिसत असतात, मुलांच्या जिभेला पाणी सुटलेलें असतें. पण गांवचे पुजारी व वडीलधारे दिवस ठरवितात, गांव एकत्र जमतो, त्या दिवशीं पहिला वांटा पेनाला, म्हणजे देवाला, व घरच्या मेलेल्या वडिलांना जातो, आणि मग सर्वांचीं तोंडें मोकळीं होतात. ज्यांनीं रान तोडून पहिली जमीन केली ते अजून त्या घराचे भागीदार आहेत, असा त्यांतील भाव आहे.

ह्या नियमाचा एक व्यावहारिक गुणहि पुष्कळांनीं दाखविला आहे. फळ कोवळेंच तोडलें जात नाहीं, बीं धरावयास अवधि मिळतो, आणि एकानें लौकर उठून सगळें झाड झोडपून न्यावें असें होत नाहीं. तें खरेंच आहे. तेवढ्यावरून कांहीं विद्वान् म्हणतात कीं, हा सर्व रानाच्या रक्षणाचा हिशेब असून देवाचें नांव त्यावर पांघरूण म्हणून घातलें आहे. मला हें पटत नाहीं. हिशेबी मनुष्य चोरून एखादी कैरी खावयास भीत नाहीं. जो मेलेल्या आजोबांच्या आधीं जेवावयास लाजतो, तोच भितो. माझा धर्म निराळा आहे, पूर्वजांना अन्न वाहण्याची रीति माझ्या घरीं नाहीं; तरीहि ही लाज माझ्या मुलांना असावी असें मला वाटतें.

ही चाल एकट्या आपल्या झाडीची आहे असें मात्र समजूं नये. पश्चिम ओडिशांत गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीं नुआखाई होते. नवें अन्न खाल्ल्यावर धाकटे थोरांच्या पायां पडतात व वर्षाचीं भांडणें त्या दिवशीं मिटवितात. कोंकणांत भाताच्या नव्या लोंब्या दारावर बांधतात. गोव्यांत तर तिसवाडी व साष्टी तालुक्यांतील कित्येक ख्रिस्ती गांवीं ऑगस्ट महिन्यांत 'कोणशांचें फेस्त' होतें : शेतांतून नवीं कणसें कापून आणावयाचीं, धर्मगुरूंनीं त्यांस आशीर्वाद द्यावयाचा, आणि मग तीं घरोघर न्यावयाचीं. धर्म पालटला तरी नव्या भाताला रिकाम्या हातानें सामोरें जाण्याचें धैर्य त्या शेतकऱ्यांना झालें नाहीं.

पोळ्याची गोष्ट तुम्हांस मीं काय सांगावी? तरी एक तपशील शहरांतील मुलांना ठाऊक नसेल. श्रावणी अमावास्येच्या आदल्या दिवशीं खांदमळणी होते. जूं ज्या ठिकाणीं वर्षभर घासलें, त्या बैलाच्या खांद्यास हळद व तूप लावून तो चोळतात, आणि त्याच्या कानांत दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचें आवतण सांगतात. ज्याला दावें सोडून हांकून आणतां आलें असतें, त्याला रीतसर बोलावणें करावयाचें! दुसऱ्या दिवशीं त्याच्या खांद्यावर काम नाहीं, आणि पुरणपोळी आधीं त्याला, मग धन्याला. आतां पुष्कळ घरीं ट्रॅक्टर आला आहे. माझ्या माहितीच्या एका घरीं त्यालाहि हार घालतात, तें मला थोडें हास्यास्पद वाटे. परंतु त्याच घरची म्हातारी पोळ्याच्या दिवशीं शेजाऱ्याच्या बैलांना घरीं बोलावून पोळी भरविते हें पाहिल्यावर मीं हंसणें सोडलें. दुसऱ्या दिवसाचा तान्हा पोळा लांकडी बैलांचा व मुलांच्या खाऊचा. त्याविषयीं तुम्हींच मला लिहून दाखवावें.

रोजच्या ताटापाशींहि असे क्रम असत. ताटाभोंवतीं पाणी फिरवून शेजारीं भाताच्या चार शितांच्या चित्राहुती घालणें, गाईचा घांस बाजूला काढणें, कावळ्याला ठेवणें. आमच्या ख्रिस्ती घरांत जेवणापूर्वीं डोळे मिटून प्रार्थना करतात. रीति सुंदर आहे. पण खरें सांगावयाचें, तर लहानपणीं मिटलेल्या डोळ्यांआड मला कोणीहि दिसत नसे. भाताची वाफ नाकाशीं येई, आणि 'आमेन' कधीं होईल तिकडे चित्त लागलेलें असे.

आमच्या धर्मग्रंथांत ह्याहून उघड्या डोळ्यांची एक रीति सांगितली आहे, आणि ती मला फार आवडते. अनुवादाच्या २६ व्या अध्यायांत इस्राएली शेतकऱ्याला आज्ञा आहे कीं, पहिलें पीक टोपलींत घालून आणावें आणि याजकासमोर आपली हकीकत सांगावी : आपला पूर्वज भटका होता, आपण परक्या देशीं दास होतों, तेथून ही भूमि आपल्याला मिळाली. हें सांगून झाल्यावर मेजवानीला लेवी व परदेशी ह्यांनाहि बसवावयाचें. लेवीयाच्या १९ व्या अध्यायांत तर शेताचे कोपरे न कापण्याची व पडलेला सरवा गरिबांसाठीं व उपऱ्यांसाठीं सोडण्याची आज्ञा आहे. रूथ जो सरवा वेंचीत होती तो हाच. उपकार मानावयाचे म्हणजे आपण कोठून आलों तें मोठ्यानें सांगावयाचें, आणि ज्याचें शेत नाहीं त्याला पंगतींत घ्यावयाचें, अशी ती जोडी आहे.

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत जो कापणीचा सण होतो तो पुष्कळ अलीकडचा. इंग्लंडांत कॉर्नवॉलमधील मॉरवेन्स्टो गांवचे धर्मगुरु हॉकर ह्यांनीं १८४३ सालीं तो जसा केला, त्यावरून ही पद्धति तिकडे फैलावली, व मिशनऱ्यांबरोबर इकडे आली. लोक उपासनेला धान, भोपळे, केळीं, कोंबड्या आणतात, आणि नंतर त्यांचा लिलाव होतो. एकदां आमच्याकडे एकच भोपळा तीनदां विकला गेला. घेणारा पैसे देई, भोपळा परत ठेवी, आणि लिलाव पुन्हां सुरू होई. अमेरिकेंतील उपकारस्तुतीचा दिवस ह्याहून प्रसिद्ध आहे. १६२१ सालीं प्लिमथ येथें नव्या वसाहतवाल्यांनीं कापणीची मेजवानी केली, तींत तेथले मूळ रहिवासी वाम्पानोआग लोक होते. १८६३ सालीं, यादवी युद्धांत माणसें मरत असतांना, अध्यक्ष लिंकन ह्यांनीं तो दिवस सर्व राष्ट्रासाठीं जाहीर केला. १९४१ च्या कायद्यानें नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायम झाला. परंतु १९७० पासून त्याच दिवशीं त्याच प्लिमथमध्यें मूळ रहिवाशांचे वंशज शोकदिन पाळीत आले आहेत. ज्यांच्या भूमीवर पहिलें पीक आलें, त्यांची आठवण त्या मेजवानींत एक चित्र म्हणून उरली. त्यांची जमीन गेली. कृतज्ञतेच्या पंगतींतून कोण गळलें हें पाहण्यास ह्याहून मोठें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

लहान उदाहरण आपल्या जिल्ह्यांतच आहे. तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं सणाला एच्. एम्. टी. तांदूळ शिजतो. हा तांदूळ कोणत्याहि कारखान्यांत तयार झाला नाहीं. नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवचे दादाजी खोब्रागडे ह्या लहान शेतकऱ्यास १९८३ सालीं 'पटेल ३' जातीच्या धानांत कांहीं लोंब्या निराळ्या दिसल्या. त्यांनीं त्या वेगळ्या काढल्या, दुसऱ्या वर्षीं वेगळ्या पेरल्या, पुन्हां निवडल्या, आणि असें वर्षानुवर्षें करून बारीक, चवदार व भरपूर उताऱ्याचा वाण हातीं आणला. त्या काळीं एच्. एम्. टी. घड्याळांचें फार कौतुक असे, तेंच नांव ह्या धानाला पडलें. पुढें त्यांनीं आणखीहि वाण काढले. २००५ सालीं राष्ट्रपति अब्दुल कलाम ह्यांच्या हस्तें त्यांचा गौरव झाला. २०१० सालीं 'फोर्ब्स' ह्या परदेशी मासिकानें त्यांचें नांव छापलें. ३ जून २०१८ रोजीं ते वारले. त्यांच्या निवडीचा भात लाखो ताटांत गेला, आणि त्यांच्या शेवटच्या आजारांत मात्र घरच्यांना औषधपाण्याच्या खर्चाची ओढाताण सोसावी लागली. मीं वर्गांत विचारलें : घड्याळ कोणीं पाहिलें आहे? पुष्कळ हात वर झाले. दादाजींचें नांव कोणीं ऐकलें आहे? दोन.

आतां आमच्या घरची एक रीति सांगतों. ती माझ्या वडिलांनीं घातली, आणि तिच्यांत पांडित्य कांहीं नाहीं. नाताळच्या दिवशीं भात वाढण्यापूर्वीं पाटावर बसलेल्या प्रत्येकानें एका माणसाचें नांव घ्यावयाचें व त्याच्या हातून ह्या जेवणांतलें काय आलें तें सांगावयाचें. नियम तीन. देवाचें नांव येथें घ्यावयाचें नाहीं, तें प्रार्थनेंत घेऊंच. मागील वर्षीं घेतलेलें नांव पुन्हां घ्यावयाचें नाहीं. आणि ज्याचें नांव ठाऊक नसेल त्याचें तें पुढच्या नाताळापर्यंत विचारून ठेवावयाचें. पहिलीं दोन वर्षें आम्ही भावंडांनीं सोपीं सोपीं नांवें संपवून टाकलीं. तिसऱ्या वर्षीं अडचण पडूं लागली, आणि आम्हीं दळण दळणाऱ्याचें, विहिरीचा गाळ काढणाऱ्याचें, बोरें विकणारीचें नांव शोधूं लागलों.

त्या वर्षीं माझ्या धाकट्या बहिणीनें 'आई' असें सांगितलें. आम्ही हंसलों, इतकें जवळचें नांव घेणें म्हणजे फसवणूक आहे असें आम्हांस वाटलें. पण तिचें बरोबर होतें, तोंवर तें नांव कोणीं घेतलेंच नव्हतें. आईनें तें ऐकलेंहि नाहीं, कारण ती स्वयंपाकघरांत होती. आम्ही सर्वांचीं नांवें घेत असूं तेव्हां ती नेहमींच स्वयंपाकघरांत असे. देवाला, पितरांना, बैलाला, पाहुण्याला, धन्याला असा सगळा क्रम आपल्या लोकांनीं लाविला, आणि रांधणारी बाई सर्वांच्या शेवटीं, उरलेलें घेऊन बसते, हें कोणत्याहि धर्माच्या घरीं फारसें निराळें नाहीं. वडिलांनीं तिला हांक मारली, आणि भातावर झांकण ठेवून ती येऊन बसेपर्यंत नांवें थांबलीं. तेव्हांपासून ती आधीं बसते.

मी अकरा वर्षांचा होतों त्या नाताळीं मीं "मोळीवाली" असें म्हटलें. चुलीचीं लांकडें ती आणी. आठवड्यांतून दोनदां, उजाडतां उजाडतां, रानाकडून चालत येऊन ती आमच्या भिंतीशीं मोळी टेकी, तांब्याभर पाणी पिई आणि पैसे पदरीं बांधून जाई. वडिलांनीं विचारलें, "नांव?" मला ठाऊक नव्हतें. आईकडे पाहिलें, तिलाहि ठाऊक नव्हतें. "सहा वर्षें आपण तिचीं लांकडें जाळतों," एवढेंच ते म्हणाले, "पुढच्या वेळेपर्यंत विचारून ठेव."

त्यानंतर ती कितीदां तरी आली. एकदां मी निजलेला होतों, एकदां शाळेची घाई होती, एकदां समोर उभा असूनहि लाज वाटली. मोठ्या बाईला नांव कसें विचारावें? चैत्रांत मोह गळूं लागला. मोहाचीं फुलें रात्रींपासून पहांटेपर्यंत गळतात, म्हणून बाया उजाडण्यापूर्वींच टोपल्या घेऊन झाडाखालीं जातात, आणि त्याच वेळीं वाघहि फिरत असतो. ती यावयाची थांबली. पुष्कळ दिवसांनीं तिच्या गांवच्या दुसऱ्या बायांनीं आम्हांस तें सांगितलें. तिचें नांव मीं त्यांना विचारलें. त्यांनीं तिच्या मुलाचें नांव घेतलें व "त्याची माय" असें म्हणाल्या. त्याही तिला तशीच हांक मारीत असत. त्या वर्षीं माझी पाळी आली तेव्हां मी मान खालीं घालून बसलों. वडील रागावले नाहींत. थोडा वेळ थांबून त्यांनीं भात वाढावयास सांगितला.

माझ्या मुलांना हें सर्व ठाऊक आहे, आणि तीं मजहून बरीं निघालीं आहेत. मागच्या नाताळीं मुलीनें दादाजी खोब्रागडे ह्यांचें नांव घेतलें. मुलानें गॅसचें सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर खांद्यावरून आणणाऱ्या माणसाचें घेतलें, आणि त्यासाठीं तो जिन्यांत अर्धा तास वाट पाहत उभा होता.

पालकांस विनंति एवढीच कीं, ही रीति करून पाहावयाची असल्यास तिची परीक्षा करूं नये, व भात निवूं देऊं नये. आमच्या घरीं सात-आठ मिनिटांत आटोपतें. दिवाळी, पोळा, ईद, नाताळ, नवें खाणें, जो तुमच्या घरचा सण असेल तो चालेल. आठवीच्या वर्गाच्या वह्या मीं अजून माझ्या कपाटांत ठेवल्या आहेत. दुकानदाराचें नांव विचारून येतील त्यांनीं त्या घेऊन जाव्यात.